सरासरी पावसात बुडालेले वावर

"यंदा पाऊस सरासरीइतका झाला ना? मग तुमची रड कशाची?"

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, नागपूरचे साडूभाऊ म्हणतात, परदेशातला भाचा तर मोबाइलवर तक्ता उघडून दाखवतो. यवतमाळ जिल्हा, हंगामाची सरासरी इतकी, प्रत्यक्ष पाऊस इतका, टक्केवारी ९८. म्हणजे कास्तकार उगाच ओरडतो, कर्जमाफीची सवय लागली आहे, वगैरे वगैरे. बोलणारी माणसे वाईट नाहीत, आपलीच आहेत. पण मंडळी, या एका वाक्याने आमच्या भागाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे एखाद्या दुष्काळानेही केले नसेल. म्हणून आज थोडे कडक लिहितो. राग मानू नये, आणि मानला तरी लेख शेवटपर्यंत वाचावा!

माझे म्हणणे असे. हवामान बदलते आहे हे आता सगळेच कबूल करतात, मंत्रीही आणि विमा कंपन्याही. पण आमच्या कोरडवाहू शेतीचा सगळा कारभार, म्हणजे मदत, विमा, दुष्काळ ठरवणे, पिकांचा सल्ला, आजही सरासरी नावाच्या आकड्यावर चालतो. आणि हवामान बदलाने नेमका हाच आकडा खोटा पाडला आहे. पाऊस किती पडला हा प्रश्न जुना झाला. तो किती दिवसांत पडला, कोणत्या दिवसांत पडला आणि मध्ये किती दिवस पडलाच नाही, हे विचारायला हवे. ते कोणी विचारत नाही, कारण विचारले तर पैसे द्यावे लागतील.

सरासरीचा धडा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. सर्व संख्यांची बेरीज करा, संख्या किती आहेत त्याने भागा. सोपे आहे. पण त्यासोबत एक जुनी गोष्टही सांगायचो. हिशेबात पक्का असलेला एक गृहस्थ बायकामुलांना घेऊन नदी ओलांडायला निघतो. काठाला पाणी किती, मधे किती, पलीकडे किती, असे मोजून सरासरी काढतो, मुलांची उंची त्याहून जास्त भरते, आणि तो सगळ्यांना पाण्यात उतरवतो. पुढे काय झाले ते सांगायला नको. पलीकडे पोचल्यावर तो पुन्हा हिशेब तपासतो, आणि हिशेब बरोबरच असतो! सहावी-सातवीच्या पोरांना ही गोष्ट पटकन कळायची. मंत्रालयात ती अजून कळलेली नाही.

आता २०२३ साल घ्या. त्या जुलैत आमच्या जिल्ह्यात आभाळ फाटले. २२ जुलैला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, माणसे अडकली, हवाई दलाकडे हेलिकॉप्टर मागावे लागले. नाल्याकाठची वावरे खरडून गेली. खरडून गेली म्हणजे पीक गेले असे नव्हे, मातीच गेली. खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते, माती आपल्या हयातीत परत येत नाही. आणि मग लगेच ऑगस्ट. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे १९०१ पासूनचा, म्हणजे नोंदी सुरू झाल्यापासूनचा, देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. देशभरात ३६ टक्के तूट. सोयाबीन फुलावर आणि शेंगेवर असताना पाण्याचा मोठा खंड पडला. त्यावर पिवळा मोझॅक आणि मूळकूज आली. हिरवी वावरे आठ-दहा दिवसांत पिवळी पडली. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला तेव्हा विदर्भ "सामान्य" या रकान्यात बसला. हवामान खात्याच्या भाषेत सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत सगळे सामान्यच असते. त्यांचेही चुकले नाही, त्यांनी बेरीज बरोबर केली. जुलैच्या पुराचे पाणी ऑगस्टच्या खात्यात जमा झाले, एवढेच. सोयाबीनच्या मुळांना मात्र ही जमाखर्चाची सोय नसते.

हे एका वर्षाचे नशीब म्हणून सोडून देता आले असते. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे फार आधी लिहून ठेवले आहे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. काय दिसले? एका दिवसात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडणाऱ्या पावसाचे प्रसंग वाढले, आणि मध्यम पावसाचे प्रसंग कमी झाले. एकाने दुसऱ्याची भरपाई केली, त्यामुळे एकूण सरासरी जवळजवळ जागच्या जागी राहिली. पुन्हा वाचा मंडळी, सरासरी जागच्या जागी राहिली! म्हणजे ज्या आकड्याकडे बघून तुम्ही आम्हाला "रड कशाची" विचारता, तो आकडा हा बदल दाखवूच शकत नाही, हे वीस वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. पुढे २०१७ साली त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. कारण अरबी समुद्राशी जोडलेले आहे. समुद्र तापतो, बाष्पाचे लोट मधूनमधून जोराने जमिनीवर येतात. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे आभाळाची घागर मोठी झाली. भरायला वेळ जास्त आणि ओतायची ती एकदम.

आता ही घागर वावरात ओतली की काय होते ते शेतीशी संबंध तुटलेल्यांसाठी सांगतो. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी. हे पाणी २५-२५ मिलिमीटरच्या चार पावसांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने आले तर ते सोने. जमीन पिते, मधल्या उघाडीत डवरणी होते, निंदण होते, पऱ्हाटी डोलते. तेच पाणी एका रात्रीत आले तर काळी भारी जमीन फुगते, भेगा मिटतात, वरचे पाणी आत जाईनासे होते. सखल वावर चिबडते, मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते. उताराच्या बरड जमिनीवरून पाणी माती घेऊन पळते. आणि पंधरा दिवसांनी तीच बरड जमीन तहानेने तडकते, कारण तिच्या पोटात काही राहिलेलेच नसते. तक्त्यात दोन्हींची नोंद एकच, १०० मिलिमीटर.

आमचा जिल्हा म्हणजे वाळवंट नाही आणि कोकणही नाही. वर्षाला नऊशे ते हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, नंतर लांब कोरडा काळ, विरळ सागाची जंगले, गवताची माळराने. आफ्रिकेत अशा मुलखाला सवाना म्हणतात. अशा मुलखातली शेती एकूण पावसावर कधीच चालत नव्हती, ती पावसाच्या वाटणीवर चालत होती. म्हणून तर आपल्या पूर्वजांनी वर्षाचा पाऊस मोजला नाही, नक्षत्रे मोजली. मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत वाढ, मघा-पूर्वाचे पाणी दाण्याला, हस्ताचे पाणी रब्बीला. प्रत्येक नक्षत्राचे काम वेगळे. ही नक्षत्रे आता साथ देत नाहीत. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, सगळीकडे कौतुक झाले, आणि मग विदर्भाच्या वेशीवर तो जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. मेच्या पावसाला भुलून ज्यांनी सरकी टोबली त्यांना विचारा. बीटी कपाशीच्या एका पिशवीची कमाल किंमत त्या वर्षी ९०१ रुपये होती. दुबार पेरणीत पिशव्या दुप्पट, मजुरी दुप्पट, पण हंगाम तेवढाच, उलट वीस दिवसांनी आखूड.

इथे एक हमखास आक्षेप येतो. माझ्याच वयाची मंडळी तो घेतात. "आपल्या लहानपणी काय सगळे आलबेल होते? बहात्तरचा दुष्काळ विसरलात?" नाही विसरलो. सुकडी आणि मिलो खाल्लेली पिढी आहे आपली. पण बहात्तरचा दुष्काळ आणि आजचे संकट यांत फरक आहे, तो नीट पाहा. त्या दुष्काळाला चेहरा होता. पाऊस नाही, पीक नाही, सगळ्यांना दिसत होते. त्यामुळे सरकारलाही दिसले, रस्ते-तलावांची कामे निघाली, पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक तर आपल्याच पुसदचे. आजच्या संकटाला चेहरा नाही. वावर हिरवे दिसते, नाला वाहतो, धरण भरते, आणि झडती मात्र एकरी दोन-तीन पोत्यांची लागते. हिरव्या दुष्काळाला मदत मिळत नाही.

दुसरा फरक घरातला आहे. तेव्हा वावरात ज्वारी होती, तूर होती, मूग-उडीद होते, कापूस होता, धुऱ्यावर बाभूळ आणि निंब होते. पावसाने एकाला मारले तर दुसरे तगायचे. मूग गेला तर तूर यायची, कारण तुरीची मुळे खोल. ज्वारीचा दाणा पावसात काळा पडला तरी कडबा बैलांच्या तोंडी लागायचा. घरात धान्य, गोठ्यात वैरण, उकिरड्यावर शेणखत. आज जिल्ह्याच्या खरिपात कापूस आणि सोयाबीन यांचेच राज्य आहे. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांचे पीक, सगळ्यांचे एकाच वेळी फुलावर, एकाच वेळी शेंगेवर, एकाच वेळी कापणीला. ऑगस्टमध्ये खंड पडला तर सगळ्यांचे जाते, ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला तर सगळ्यांच्या गंज्या भिजतात. जनावरे कमी झाली, ई-क्लासच्या चराईच्या जमिनी अतिक्रमणात गेल्या, शेणखत नाही, म्हणून मातीतला सेंद्रिय कर्ब घटला. कर्ब घटला की माती पाणी धरत नाही, आणि माती पाणी धरत नाही म्हणून आठ दिवसांचा खंड पंधरा दिवसांसारखा लागतो. हवामान आभाळात बदलते हे खरे, पण त्याचा मार किती बसणार हे मातीत ठरते. ही साखळी तीस-चाळीस वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत, एकेक कडी जोडत तयार झाली.

"मग ज्वारी सोडली कोणी? कास्तकारानेच ना?" हा दुसरा आक्षेप. होय, त्यानेच सोडली. पण का सोडली? कापसाला महाराष्ट्रात १९७२ पासून तीसेक वर्षे एकाधिकार खरेदी होती, हमखास गिऱ्हाईक होते. सोयाबीनला तेलाच्या गिरण्या होत्या. ज्वारीला काय होते? रेशनवर गहू-तांदूळ आले आणि ज्वारी पिकवणाऱ्याच्याच ताटातून ज्वारी गेली. हमीभाव कागदावर होता, घेणारा नव्हता. उरलेसुरले रोही आणि रानडुकरांनी संपवले. गावात एकट्यानेच ज्वारी पेरली तर पंचक्रोशीतली पाखरे त्याच्याच वावरात उतरतात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. शहरात ज्वारीचे लाडू, ज्वारीची बिस्किटे, परिसंवाद. त्याच वर्षी आमच्याकडे सोयाबीन पिवळे पडत होते. वर्ष साजरे झाले, ज्वारी काही वावरात परत आली नाही.

२०१७ सालची गोष्ट तर सांगायलाच हवी. त्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. चौकश्या झाल्या, औषधांची नावे आली, फवारणीच्या पोशाखाची चर्चा झाली. ते सगळे आवश्यकच होते. पण त्या साली वावरात काय होते? दमट हवा, डोक्याइतकी वाढलेली दाट पऱ्हाटी, बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी, आणि रोज फवारणी. डोक्यावरच्या झाडावर फवारा मारला की तो अंगावरच येतो. हवामान, बियाणे, कीड आणि मजुराचे फुप्फुस ही एकाच दोरीची टोके आहेत. हवामान बदल म्हणजे हिमनग वितळणे असे ज्यांना वाटते त्यांनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातले ते दिवस आठवावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, पैशाच्या. सरासरी हे नुसते चुकीचे मोजमाप नाही, ते कास्तकाराच्या खिशातून पैसे काढणारे मोजमाप आहे.

पीकविम्याचा नियम पाहा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पन्न नावाची गोष्ट असते. मंडळातल्या मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे सत्तर टक्क्यांनी, गुणायचे. प्रत्यक्ष उत्पन्न त्याखाली गेले तरच भरपाई. ऐकायला वाजवी वाटते. पण उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, एका मंडळात सोयाबीनची चांगल्या वर्षांची सरासरी हेक्टरी बारा क्विंटल होती. उंबरठा झाला ८.४ क्विंटल. एखाद्या वर्षी सात क्विंटल पिकले तर भरपाई मिळाली. आता हवामानाने दहा वर्षे मार दिला. सात वर्षांचे आकडे झाले १०, ९, ९, ९, ८, ५ आणि ४. चांगल्या पाचांची सरासरी नऊ, उंबरठा ६.३. पुन्हा तेच सात क्विंटल पिकले तर नुकसान काय? शून्य! पीक तेवढेच, माणूस तोच, खर्च मात्र वाढलेला, आणि कागद म्हणतो तुमचे काही गेले नाही. म्हणजे संकट जितके जुने, तितकी भरपाई कमी. सतत आजारी असणाऱ्याला "तुमची तब्येत नेहमीसारखीच आहे" म्हणून परत पाठवणारा डॉक्टर कोणी पाहिला आहे का? आमच्याकडे त्याला विमा म्हणतात.

त्यात २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला. त्यात गैरव्यवहार झाले होते, हे मान्य. पण त्यासोबत पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल स्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान, ही भरपाईची चारही दारे बंद केली आणि फक्त पीककापणी प्रयोगावर सगळे सोपवले. म्हणजे हवामान जसे तुकड्यातुकड्यांत वागू लागले, तसा विमा उलट मंडळाच्या सरासरीवर जाऊन बसला. चोर होते म्हणून घराचे दार भिंत घालून बंद करायचे, असा हा न्याय.

पावसाची मदतही तशीच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडले की अतिवृष्टी. एका महसूल मंडळात कितीतरी गावे, आणि पर्जन्यमापक बहुधा एकच. आमच्याकडे तर रस्त्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन असते, बैलाच्या एका शिंगावर पडतो म्हणतात तसा. माझ्या पुतण्याचे वावर नाल्याला लागून आहे. एका साली डोळ्यांसमोर वाहून गेले, पण मंडळाच्या ठिकाणचा आकडा पासष्टच्या आत होता. त्याने मोजमाप मागितले तर उत्तर मिळाले, "यंत्र खोटे बोलत नाही." खरे आहे, यंत्र खोटे बोलत नाही. ते जिथे आहे तिथलेच बोलते.

सरकारला हे कळतच नाही असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने "सततचा पाऊस" ही नैसर्गिक आपत्ती मानली, सलग पाच दिवस रोज किमान दहा मिलिमीटर असा निकष धरून. म्हणजे पाऊस दिवसांनी मोजता येतो, हे सरकारनेच दाखवून दिले. मग सलग पंधरा दिवस पाऊस नसणे, तेही सोयाबीन शेंगेवर असताना, हे तितकेच साधे आणि आपोआप लागू होणारे निकषात का बसत नाही? जास्तीचा पाऊस मोजता येतो आणि खंड मोजता येत नाही, असे कोणते गणित आहे?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. गेल्या काही वर्षांत पुढाऱ्यांना "हवामान बदल" हा शब्द फार आवडू लागला आहे. बांध फुटला, हवामान बदल. कालव्याचे पाणी शेपटापर्यंत पोचले नाही, हवामान बदल. कापूस खरेदी उशिरा सुरू झाली, तिथेही हवामान बदल! पूर्वी "देवाची करणी" म्हणत, आता इंग्रजी शिकलेला देव सापडला आहे. चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले तेव्हा हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. कर्ज, वीज, भाव, कायदे हे प्रश्न त्या वेळीही होते आणि आजही आहेत. हवामान बदलाने ते पुसले नाहीत, त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकले. २०२४ हे जगातले आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड अंशाहून अधिक. हा धूर कोरडवाहू कास्तकाराच्या बैलबंडीचा नव्हे. तेव्हा ज्यांचा धूर त्यांनी भरपाई द्यावी ही मागणी जागतिक परिषदांत करायची, आणि घरी मात्र जबाबदारी आभाळावर ढकलायची, हे चालणार नाही.

"मग काहीच होऊ शकत नाही का?" होऊ शकते. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा पट्टा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकापर्यंत तिथे भीषण दुष्काळ पडले. पुढे पाऊस काहीसा परतला, पण मोठ्या सरींनी, आमच्यासारखाच बेभरवशाचा. तिथल्या नायजर देशात शेतकऱ्यांनी वावरातले जुने बुंधे तोडायचे थांबवले, फुटवे राखले, आणि सुमारे पन्नास लाख हेक्टरवर झाडे उभी राहिली. बुर्किना फासो देशात याकुबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्याने कडक जमिनीत खड्डे घेऊन त्यात खत भरायची जुनी पद्धत सुधारली, पाणी जागीच मुरवले आणि ओसाड माळावर रान उभे केले. त्यांना २०१८ साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. यात मोठे यंत्र नाही, अनुदानाचा फलक नाही. पण एक गोष्ट होती. नायजरमध्ये पूर्वी झाड सरकारचे मानले जाई. ते बंधन सैल झाले, झाड शेतकऱ्याचे झाले, तेव्हा त्याने ते राखले. आमच्याकडे १९६४ च्या कायद्यामुळे धुऱ्यावरचा स्वतःचा साग तोडायला परवानगीच्या चकरा माराव्या लागतात, म्हणून लोक रोप मोठे होण्याआधीच उपटून टाकतात.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, पावसाचा तक्ता छापताना आणि मदत ठरवताना एकूण पावसासोबत पावसाचे दिवस आणि सर्वांत लांब खंड हे दोन रकाने सक्तीचे करा. दोन, गावागावात पर्जन्यमापक बसवा आणि नोंद शाळेच्या फळ्यावर रोज लिहा, पोरेही शिकतील आणि यंत्रावर गावाची नजरही राहील. तीन, विम्याचा उंबरठा खाली घसरू देऊ नका, एकदा ठरला की तो तिथेच गोठवा. चार, ज्वारी आणि तूर हमीभावाने घेऊन याच जिल्ह्यातल्या रेशनवर आणि शाळेच्या खिचडीच्या जोडीला द्या. घेणारा असेल तर कास्तकार पेरतो, त्याला भाषण लागत नाही. पाच, उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, बांधबंदिस्ती आणि शेणखत यांसाठी पैसा द्या, आणि तो अल्पभूधारकाला आधी द्या. हे सगळे कृषी विद्यापीठाच्या पुस्तकांत आहेच. पुस्तकातून वावरात आणायला मजुरी लागते आणि ती त्याच्याकडे नाही, एवढेच.

कोणी म्हणेल, अंदाज आता चांगले झालेत, मोबाइलवर येतात. खरे आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्याच संस्थेने सहा किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज देणारी यंत्रणा सुरू केली, अभिमानाची गोष्ट आहे. पण पुढचे दहा दिवस पाऊस नाही हे कळूनही ज्याच्याकडे विहीर नाही, विहीर असून दिवसा वीज नाही, त्याने त्या निरोपाचे काय करावे? बातमी मिळाल्याने तहान भागत नाही.

शेवटी नातेवाइकांसाठी. तुमच्यापैकी बहुतेकांचे सातबाऱ्यावर अजून नाव आहे. भाऊबंद कसतात, तुम्ही दिवाळीला तुरीची डाळ नेता. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा "पाऊस किती झाला?" असे विचारू नका. "मधे किती दिवस उघाड होती? तुरीची ओळ ठेवली का? बांध टिकला का?" असे विचारा. आणि शहरात कोणी सरासरीचा तक्ता दाखवून शेतकऱ्याला हसला, तर त्याला दिवसांचा हिशेब मागा. त्याच्याकडे तो नसेल, कारण आजवर कोणी मागितलाच नाही. आपण मागायला सुरुवात करू.